यांच्या काउंटरवर

माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंची छत्री मिटत नव्हती. दुकानाच्या आत, डोक्यावर चांगलं भक्कम छत असताना, त्या उघडी छत्री धरून रांगेत उभ्या होत्या आणि छत्रीची एक काडी राहून राहून माझ्या कपाळाला टोचत होती.

"सॉरी हं," त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या. "मिटतच नाही मेली. बसमधूनही अशीच आणली. कंडक्टर म्हणाला, हिचं वेगळं तिकीट काढा."

त्यांच्यापुढे एक गृहस्थ होते. त्यांच्या एका हातात नवा कोरा बूट होता. जोडीतला दुसरा पायात होता आणि तो निघत नव्हता. म्हणजे अर्धी तक्रार हातात आणि अर्धी पायात घेऊन ते लंगडत लंगडत पुढे सरकत होते. आणि त्यांच्याही पुढे, काउंटरच्या पलीकडे, निळा शर्ट आणि छातीवर बिल्ला लावून बसले होते ते हे. माझे यजमान.

यांनी मला अजून पाहिलं नव्हतं. मी छत्रीच्या आड होते. माझ्या हातात पिशवी होती, पिशवीत इस्त्री होती, आणि खरं सांगायचं तर मी भांडायला आले होते. कुणाशी, तेवढं मात्र नक्की ठरलेलं नव्हतं.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना कामावर बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. दुकान मोठं. सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं तिथे मिळतं. मीही तिथूनच आणते. पण यांचा काउंटर तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, जिथे उजेडसुद्धा विचारून आत येतो अशा जागी. तिकडे कुणी हौसेनं जात नाही. वस्तू बिघडली, फाटली, आखूड झाली, की मगच माणूस त्या बाजूला वळतो.

पूर्वी हे काचसामानात होते. एकदा तिथे एक गिऱ्हाईक तडकलेली बरणी घेऊन आलं आणि विभागप्रमुखांवर ओरडायला लागलं. हे मध्ये पडले आणि काहीतरी बोलले. काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. यांचा आवाजच असा, की शेजारी बसलेल्याला वाटावं, माणूस स्वतःशीच पुटपुटतोय. गिऱ्हाईक म्हणालं, "काय म्हणालात?" यांनी पुन्हा सांगितलं. गिऱ्हाइकानं कान पुढे केला. आता कान पुढे केलेल्या माणसाला ओरडता येत नाही. थोड्या वेळानं ते गिऱ्हाईकही यांच्याशी कुजबुजत बोलायला लागलं. तेव्हाच्या साहेबांनी हे लांबून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून यांची रवानगी तक्रारींच्या काउंटरवर झाली ती झालीच.

घरी मात्र या आवाजाचा मला काडीचा उपयोग नव्हता. मी काहीही सांगितलं की यांचं उत्तर ठरलेलं, "बरोबर आहे तुझं." न्हाणीघरातला नळ गळतो, बरोबर आहे तुझं. वरच्या मजल्यावरचे लोक खुर्च्या ओढतात, बरोबर आहे तुझं. एकदा मी मुद्दाम म्हणाले, "मला वाटतं, आपण घर विकून तंबूत राहायला जावं." हे म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि चष्मा पुसायला लागले.

लेक घरी होती तोवर हे चालून जायचं. ती आणि मी मिळून घर डोक्यावर घेत असू. मग तिला परगावी नोकरी लागली, ती गेली, आणि संध्याकाळी घरात मी, हे आणि फ्रिजचा आवाज एवढेच उरलो. त्यातही जास्त बोलायचा तो फ्रिज.

आणि अशात दुकानात नवे साहेब आले.

मला हे सांगितलं पडदेवाल्यांनी. पडदेवाले म्हणजे पडद्यांच्या विभागातले यांचे सोबती. दुपारचा डबा दोघं मिळून खातात. औषधाच्या दुकानात मला भेटले आणि म्हणाले, "काय वहिनी, मग कसं वाटतंय गोदामाचं ऐकून?"

"कसलं गोदाम?" मी म्हणाले.

पडदेवाल्यांचा चेहरा पडला. "बोलला नाही का तो काही? मग मी पण बोललो नाही असं समजा," म्हणाले, आणि मग सगळं बोलले.

नवे साहेब वयानं आमच्या लेकीएवढे. सतत हसतात. वाईट बातमी द्यायची असली की जास्तच हसतात. त्यांनी प्रत्येक काउंटरवर एक छोटं यंत्र बसवलं होतं. त्याला तीन बटणं: हिरवं हसरं तोंड, पिवळं सरळ तोंड आणि लाल रागावलेलं तोंड. गिऱ्हाइकानं जाताना आपल्याला काय वाटलं ते दाबायचं. संध्याकाळी कँटीनच्या भिंतीवर सगळ्या विभागांचा निकाल लागतो. महिनाअखेर जो तळाला, तो गोदामात.

"खेळण्यांचा विभाग सगळ्यात वर," पडदेवाले म्हणाले. "तिथे पोरं यंत्रालाच खेळणं समजतात. त्याखालोखाल अत्तरं. ती मुलगी नुसती मनगटावर फवारा मारते, की दाबलं हिरवं. आमचं पडद्यांचं आपलं मधेच कुठेतरी. आणि वहिनी, तक्रारीच्या काउंटरवर माणूस येतो तोच मुळी लाल होऊन. तो दाबणार काय?"

"आणि मग तक्रारी कोण ऐकणार?"

"खांबाला फोन लावणार आहेत म्हणे. उचलायचा आणि बोलायचं."

मी घरी आले आणि हे यायची वाट पाहत बसले. आल्या आल्या विचारलं, तर म्हणाले, "हो, आहे खरं तसं काहीतरी."

"मग मला सांगायला नको?"

"बरोबर आहे तुझं," हे म्हणाले.

यांच्या भरवशावर बसण्यात अर्थ नव्हता. मी फोनाफोनी सुरू केली. बेत अगदी सोपा होता. आपल्यातल्या एकेकानं काहीतरी बिघडलेलं घेऊन दुकानात जायचं, यांच्याकडे तक्रार करायची, समाधान झाल्यासारखं दाखवायचं आणि निघताना हिरवं दाबायचं. बिघडलेल्या वस्तूंना आमच्या नात्यागोत्यात तोटा नव्हता.

पहिली गेली माझी नणंद. यांची थोरली बहीण. लहानपणी तिनं यांना कडेवर घेऊन फिरवलेलं आहे आणि ही गोष्ट ती कुणालाच विसरू देत नाही. चपटी झालेली उशी घेऊन ती मोठ्या उत्साहानं गेली आणि तासाभरानं उशी काखेत मारून, ओठ घट्ट मिटून परत आली.

"काय झालं, ताई?"

"मी सरळ पुढे गेले. भाऊच बसलाय, तर मी काय रांगेत उभी राहू? तर मला म्हणतो, ताई, रांग मागून आहे."

"बरं, मग?"

"मग उभी राहिले. नंबर आला. तर हा मला विचारतो, पावती आहे का? मला. कडेवर घेऊन फिरवलंय मी त्याला."

"पावती नव्हती का?"

"उशीची पावती कोण ठेवतं?"

"जाऊ द्या," मी म्हणाले. "हिरवं दाबलंत ना?"

नणंद खिडकीबाहेर पाहायला लागली.

"ताई, काय दाबलंत?"

"मला राग आला होता," ती म्हणाली. "आणि राग आला की दाबायला त्यांनी एक बटण ठेवलेलंच आहे. त्यात माझं काय चुकलं?"

दुसरे गेले शेजारचे गार्डसाहेब. रेल्वेतून निवृत्त झालेले. "वहिनी, अजिबात काळजी करू नका," ते मला म्हणाले होते, "सगळा जन्म हिरवं दाखवण्यातच गेलाय माझा." त्यांनी कसलीतरी चाव्यांची साखळी नेली होती. यांनी ती दुरुस्त करून दिली. मग गार्डसाहेब यंत्रापाशी गेले आणि त्यांनी हिरवं दाबलं. एकदा दाबून त्यांचं समाधान होईना. दारावरची बेल वाजवावी तसे ते दाबत राहिले. अखेर यंत्रातून शिट्टीसारखा आवाज आला आणि तिन्ही तोंडं एकदम पेटून विझली. दुरुस्तीवाला आला. तो म्हणाला, आतला आकडा सगळा पुसला गेलाय. म्हणजे यांना मिळालेली होती नव्हती ती हिरवी गेली. नणंदेचं लालही गेलं, हीच काय ती जमेची बाजू. पण यंत्र दुरुस्त होईपर्यंत रांगेत जी माणसं खोळंबली, त्यांनी ते सुरू होताच एकामागून एक येऊन लाल दाबलं.

त्या संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले आणि रोजच्यासारखे खुर्चीत न बसता माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"गार्डसाहेबांना सांग," म्हणाले, "पुन्हा येऊ नका म्हणावं. कुणीच येऊ नका."

"तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

"माहीत आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "माणसं तिथे खरी रागावून आलेली असतात. त्यांच्यामध्ये आपली माणसं खोटं हसू आणून उभी राहिली, की मला वर बघवत नाही."

इतकं मोठं वाक्य यांच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. ते बरोबर होतं, आणि दुसऱ्याचं बरोबर असलं की मला राग येतो. मी आत जाऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीनं यांचा कामावरचा निळा शर्ट जाळला. बरोब्बर खिशाच्या वर, इस्त्रीच्या आकाराचा डाग. ही इस्त्री भलतीच तापते असं मी आणल्यापासून ओरडत होते. यांनी दुसरा शर्ट चढवला आणि हे गेले. मी तो जळका शर्ट हातात घेऊन उभी राहिले, आणि मग इस्त्री पिशवीत घातली. पावती शोधून पर्समध्ये ठेवली. नणंदेपासून तेवढं शिकले होते. महिन्याचा शेवटचा दिवस होता. म्हटलं, आज त्या हसऱ्या साहेबांना गाठून चार शब्द सुनवायचेच. पण ते जागेवर नव्हते, म्हणून मी यांच्या रांगेत येऊन उभी राहिले.

तर पुढे बूटवाले होते. हे काउंटरच्या बाहेर आले, त्यांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली उकिडवे बसून त्यांचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. नाडी काढली, बुटाची जीभ बाहेर ओढली, टाचेखाली हात घालून हळूहळू बूट हलवत राहिले. ते करता करता काहीतरी विचारत होते. बूटवाले आधी तावातावानं बोलत होते, मग हळू बोलायला लागले, मग वाकूनच बोलायला लागले. बूट निघाला.

"आणखी काही?" यांनी विचारलं.

"नाही. म्हणजे…" बूटवाले पायाची बोटं हलवत म्हणाले, "बायको सांगत होती, एक नंबर मोठा घ्या. मी ऐकलं नाही. आता तिला काय सांगू?"

"दुकानाची चूक झाली असं सांगा," हे म्हणाले.

बूटवाल्यांना ते फार पटलं. मोठ्या नंबरची चिठ्ठी घेऊन ते खूश होऊन निघाले आणि जाताना त्यांनी लाल बटण दाबलं. यांच्यावर त्यांचा राग नव्हता, बुटावर होता. पण यंत्राला ते कुठून कळणार?

मग छत्री. यांनी ती आधी सरळ धरून पाहिली, मग उलटी. मग यांचं तोंडच छत्रीमागे गेलं आणि नुसता आवाज येत राहिला. "कुठे जायचं होतं हिला घेऊन?" "बहिणीकडे," बाई छत्रीला उद्देशून म्हणाल्या, आणि बहिणीची सगळी हकिगत सांगून मोकळ्या झाल्या. शेवटी यांनी छत्री तशीच उघडी आपल्या खुर्चीमागच्या खुंटीला अडकवली. "दुसरी मागवली आहे वरून. येईपर्यंत इथे बसा," म्हणाले. बाई स्टुलावर बसल्या आणि मी यांच्यासमोर आले.

हे छत्रीखाली बसले होते. यांनी वर पाहिलं. मला वाटलं आता विचारतील, तू इथे कशी? यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या रांगेकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बोला, मॅडम. काय झालं?"

मी पिशवीतून इस्त्री काढून दाणकन काउंटरवर ठेवली. "जाळते."

"पावती आहे?"

"आहे."

यांनी इस्त्री उलटी करून तळ पाहिला, नखानं खरवडला. "कधीपासून असं होतंय तुमच्याकडे?"

तुमच्याकडे. लग्नानंतर पहिल्यांदाच हे मला 'तुम्ही' म्हणत होते. मला हसू यायला हवं होतं. उलट मी पदर सावरून सरळ उभी राहिले.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले.

"मग इतके दिवस सांगितलं नाहीत कुणाला?"

"घरी सांगितलं होतं."

"घरचे काय म्हणाले?"

"म्हणाले, बरोबर आहे तुझं."

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हे हसले नाहीत. इस्त्रीची वायर सावकाश गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "आणखी काही?"

एवढ्या वेळात यांनी तेच प्रत्येकाला विचारलं होतं. दुकानाचं शिकवलेलं वाक्य असेल असं मला वाटलं होतं. पण ते विचारून झाल्यावर हे थांबतात. समोरच्याच्या तोंडाकडे पाहत, घाई न करता, नुसते थांबतात. कुणी असं थांबलं की माणसाला गप्प बसता येत नाही.

"आणखी म्हणजे, नळ गळतो," मी म्हणाले. "तो तुमच्या दुकानातला नाही. पण गळतो."

"असू दे. सांगा."

"लेक परगावी गेली. तिचा फोन येतो, पण ती घाईत असते. मी दिवसभर घरात एकटी. दुपारी काय झालं ते कुणाला सांगायचं असतं, तर संध्याकाळपर्यंत तोंडात धरून ठेवते. आमचे हे येतात. दिवसभर अख्ख्या गावाचं ऐकून येतात. सगळे कान इथेच खर्च होतात त्यांचे. घरी येतो तो नुसता शर्ट. तो मी धुते आणि इस्त्री करते." मी थांबले. एवढं बोलायचं मी ठरवून आले नव्हते. "आता तर तोही जाळला तुमच्या इस्त्रीनं."

रांगेत कुणी हसलं नाही. यांचे हात काउंटरवर तसेच होते.

"आपल्याला जो त्रास…" हे म्हणाले आणि पुन्हा अडले. "आपल्याला…"

"अहो, पाणी द्या कुणीतरी," छत्रीवाल्या बाई म्हणाल्या. मला वाटलं माझ्यासाठी म्हणतायत. पण त्या यांच्याकडे पाहत होत्या.

नेमके तेवढ्यात नवे साहेब आले. पडदेवाल्यांनी वर्णन केलं होतं तसेच, हसत. "काही अडचण आहे का मॅडम? मी काही मदत करू?"

याच माणसासाठी मी सकाळपासून शब्द गोळा केले होते. त्यातला एकही आठवेना. माझ्याऐवजी छत्रीवाल्या बाईच म्हणाल्या, "त्यांचं बोलणं चाललंय. तुमचं काही असेल तर मागून या."

साहेब हसले आणि थोडे मागे सरकले. मग रांग फार लांबली आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते यंत्राकडे हात करून म्हणाले, "मॅडम, आमची सेवा कशी वाटली, तेवढं दाबाल का प्लीज?"

मी यंत्राकडे पाहिलं. ज्या हिरव्यासाठी मी अख्ख्या गोतावळ्याला कामाला लावलं होतं, ते हिरवं माझ्यासमोर होतं. माझं बोट तिथवर गेलंही. यांनी नको म्हणून मान हलवली नाही, की डोळ्यांनी खुणावलं नाही. बूटवाल्यांकडे पाहिलं होतं, छत्रीवाल्या बाईकडे पाहिलं होतं, तसंच माझ्याकडे पाहत होते.

मी लाल दाबलं.

साहेबांचं हसू पहिल्यांदा मावळलं. "मॅडम, इस्त्री बदलून मिळेल तुम्हाला."

"इस्त्रीचं झालं," मी म्हणाले. "बाकीचं अजून राहिलंय. ते मिटलं की येऊन हिरवं दाबीन."

आणि हे हसले. चांगले आवाजासकट हसले. छत्रीखाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वरच्या मजल्यावरून पडदेवाले कठड्यावर ओणवे होऊन पाहायला लागले, की काउंटरवर नक्की झालं काय. साहेबांना काही उलगडा होईना. मी नवी इस्त्री घेतली आणि बाहेर पडले.

बसस्टॉपवर आल्यावर मला कळलं मी काय करून बसलेय. महिन्याचा शेवटचा दिवस, आणि यांच्या बायकोनं यांना लाल दाबलं होतं. नणंदेला निदान पावतीचं निमित्त होतं.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी दारातच म्हणाले, "चुकलंच माझं."

"नाही," हे म्हणाले. "आजच्या सगळ्यांत तीच एक तक्रार बरोबर माणसाकडे आली होती." मग न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी जाऊन पाहिलं, तर बाही वर करून नळ खोलत होते. यांना ते जमलं नाही, उलट पाणी भिंतीवर उडायला लागलं. अखेर गार्डसाहेबांना बोलवावं लागलं. पण तो भाग वेगळा.

निकाल लागायचा तो लागला. साहेबांनी यांना केबिनमध्ये बोलावलं, फार वेळ हसले, आणि पुढच्या महिन्यापासून हे गोदामात गेले. पडदेवाले म्हणाले, माझं लाल नसतं तरी तेच होणार होतं, तळ फारच खोल होता. ते माझी समजूत घालत असतील.

गोदामात खोकी असतात. खोकी काही बोलत नाहीत. सुरुवातीला हे घरी आले की भांबावल्यासारखे दिसायचे, दिवसभर कुणी हाकच न मारलेल्या माणसासारखे. मग एकदा जेवताना अचानक विचारलं, "आज दुपारी काय झालं?" मी मागे वळून पाहिलं, दारात कुणी आलंय का म्हणून. कुणी नव्हतं. मी म्हणाले, विशेष काही नाही. हे थांबले. तसेच, घास हातात धरून. मग मी सांगितलं. वरच्या खुर्च्यांपासून सुरुवात केली.

आता हेही बोलतात. गोदामातल्या मांजरीबद्दल, चुकीच्या मजल्यावर गेलेल्या खोक्यांबद्दल, पडदेवाल्यांच्या गुडघ्याबद्दल. इतकं बोलतात, की कधी कधी मला डुलकी लागते. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. काउंटरचा विषय निघाला की हे पाणी प्यायला उठतात.

परवा सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं टॉवेल घ्यायला त्याच दुकानात गेलो. यांनी सदरा घातला होता, बिल्ला नाही. टॉवेलचा विभाग वर, म्हणून जिन्याकडे वळलो. जिथे यांचा काउंटर होता तिथे आता प्रवासी बॅगा मांडून ठेवल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंडीसारख्या. शेजारच्या खांबावर फोन होता. एक म्हातारे गृहस्थ तो कानाला लावून उभे होते. दुसऱ्या हातात किटली. फोनमधून बारीक संगीत ऐकू येत होतं. त्यांनी किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि तेच संगीत त्या कानानं ऐकायला लागले.

हे त्यांच्यावरून पुढे गेले. जिन्याची पहिली पायरी चढले आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"जा," मी म्हणाले.

हे खाली उतरून त्यांच्याजवळ गेले. गृहस्थांनी यांना खालून वर न्याहाळलं. "तुम्ही इथे कामाला का?"

"नाही," हे म्हणाले. "आम्हीपण खरेदीलाच आलोय. काय झालं किटलीला?"

गृहस्थांनी फोन ठेवून दिला. यांनी किटली आपल्या हातात घेतली, झाकण काढून आत पाहिलं, आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर ते गृहस्थ सुरुवातीपासून सांगायला लागले. सून, चहा, गळती, सगळं.

मी मांडलेल्या बॅगांपैकी एक मोठी, टणक बॅग पाहून तिच्यावर टेकले. तिथली मुलगी लगबगीनं आली. "मॅडम, काही दाखवू का?"

"नको," मी म्हणाले. "जरा वेळ लागेल."

तिनं माझी नजर गेली तिकडे पाहिलं आणि ती परत गेली. दुकान बंद व्हायला अजून अवकाश होता.